किल्ल्यांवरचं जिओकॅशिंग, नागपूर आणि आसपास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हिवाळ्यात आम्ही मित्रमैत्रिणी मिळून हा शोध-खेळ लावतो आणि दरवर्षी फोनवर तेच ते प्रश्न येऊन राहतात, म्हणून यावेळी सगळं एका जागी लिहून टाकलं. लांब झालंय, पण निघायच्या आधी निदान "डबा किल्ल्यात का नाही" आणि "आकडे कसे टाकायचे" हे दोन प्रश्न तरी नक्की वाचा.

जिओकॅशिंग म्हणजे नेमकं काय?

कोणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश देतो, बाकीचे लोक मोबाईलवरच्या जीपीएसने तिथे जाऊन डबा शोधतात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात आणि डबा होता तसा परत ठेवतात. बस, एवढंच. याची सुरुवात झाली २००० साली. त्याआधी अमेरिकन सरकार सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक टाकायचं, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायची. २ मे २००० ला ती चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे ला, डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉन राज्यात जंगलात एक काळी बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. त्या एका बादलीपासून हा खेळ जगभर पसरला.

मग यात किल्ले कुठून आले?

युरोपात मध्ययुगीन कॅसलच्या भोवती असे शोध लावतात, खंदक, उचलता पूल, बाण मारायच्या फटी या सगळ्यावर कोडी असतात. ते वाचून आम्हाला वाटलं की आपल्याकडे काय कमी आहे? चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आहे, चिखलदऱ्याजवळ गाविलगड आहे, अकोल्याकडे नरनाळा आहे, भंडाऱ्याकडे अंबागड आहे, पवनीचा कोट आहे, आणि नागपूरपासून तास-सव्वातासावर नगरधन आहे. पण नागपूरच्या माणसाला किल्ले म्हटलं की रायगड आणि प्रतापगड आठवतो. सह्याद्रीवर प्रेम आम्हालाही आहे, पण आपल्या अंगणातला किल्ला कोणी धड पाहिलेला नसतो, पाहिला तरी अर्ध्या तासात फोटो काढून परत. हा खेळ माणसाला थांबवतो. दरवाज्यासमोर उभं राहून वरच्या शिल्पात हत्ती किती आहेत हे मोजायला लावतो, आणि एकदा मोजायला लागलं की मग माणूस खरंच बघतो.

हे सगळे किल्ले "मध्ययुगीन" आहेत का? माझे सर म्हणतात नगरधन वाकाटकांचं आहे.

तुमचे सर बरोबर आहेत, आणि प्रश्न चांगला आहे. नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन असं अभ्यासक मानतात. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, जी मुलं लहान असताना स्वतः राज्य सांभाळत होती, तिच्या नावाची मातीची मुद्रा तिथल्या उत्खननात सापडली. म्हणजे ही जागा पाचव्या शतकाच्या आसपासची, मध्ययुगाच्याही आधीची. पण आज जो तट-बुरुजांचा किल्ला उभा दिसतो तो नागपूरकर भोसल्यांच्या काळातला मानतात. थोडक्यात तिथे एकाच जागी दोन वेगवेगळे काळ आहेत, आणि आमची नगरधनची कोडी याच गोष्टीवर बेतलेली आहेत.

काटेकोरपणे मध्ययुगीन पाहिजे तर गाविलगड घ्या. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ मध्ये तो बांधला, पुढे इमादशाहीच्या फत्तेउल्लाने १४८८ मध्ये दुरुस्त केला. नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यावरचा लेख १४८७ चा आहे, आणि तो दरवाजा नुसता बघायला जरी गेलात तरी पैसे वसूल, दगडात इतकं नाजूक काम विदर्भात दुसरीकडे मी तरी पाहिलेलं नाही.

सीताबर्डीचा किल्ला तर शहराच्या मधोमध आहे, तो यादीत का नाही?

तो सैन्याच्या ताब्यात आहे, सामान्य लोकांना वर्षातले मोजकेच दिवस आत सोडतात, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टसारखे. तिथे डबा ठेवायचा, आजूबाजूला मोबाईल घेऊन घुटमळायचं, भिंतीचे फोटो काढायचे, यातलं काहीही करायचं नाही. शिवाय तो मध्ययुगीन पण नाही. २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली, किल्ला त्याच सुमाराचा आहे. ज्या दिवशी उघडा असेल त्या दिवशी घरच्यांना घेऊन नक्की जा, पण खेळ म्हणून नाही.

शहरातली फेरी आम्ही महाल या जुन्या वस्तीत ठेवली आहे. गोंड राजा बख्त बुलंद शहाने बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं, त्याच्यानंतर चांद सुलतानाने शहराला कोट घातला आणि जुम्मा दरवाजा बांधला, तोच आजचा गांधी गेट. रोज हजारो लोक त्याच्याखालून गाडी काढतात, पण वर मान करून कोण बघतं? पहिली फेरी म्हणून हीच करा. अडीच-तीन तासात होते, आणि मधे तर्री पोहे खायला थांबता येतं.

डबा किल्ल्यात का नाही ठेवत? मग मजा काय?

हा आमचा सगळ्यात पक्का नियम आहे. शोधायचं ते किल्ल्यात, डबा मात्र किल्ल्याच्या बाहेर. यामागची कारणं नीट सांगतो.

पहिलं कारण कायदा. संरक्षित स्मारकाला इजा केली, दगड हलवला, काही कोरलं, तर स्मारकांसाठीच्या केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. राज्य सरकारच्या स्मारकांना १९६० चा वेगळा कायदा आहे. तुम्ही म्हणाल डबा ठेवल्याने काय इजा होते? डबा ठेवल्याने नाही होत, शोधण्याने होते. दहा लोक येतात, प्रत्येक जण तटातला सैल दगड हलवून बघतो, अकराव्या वेळी तो दगड परत बसत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादाने लोक रात्री किल्ल्यात, देवळाच्या मागे खड्डे खणतात, बुरुजाचा पाया पोखरून ठेवतात. गावातल्या लोकांनी हे पाहिलेलं असतं. पहिल्या वर्षी आम्ही एक डबा किल्ल्याजवळच्या पिंपळाच्या मुळ्यांमध्ये ठेवला होता, किल्ल्यापासून चांगला लांब, तरी दुसऱ्याच रविवारी आमचे तीन पोरं तिथे वाकून शोधून राहिले होते तर बकऱ्या घेऊन एक काकाजी आले आणि लांबूनच ओरडले, "काय खणून रायले बे? धन हाय का तिथं?" बघता बघता सात-आठ जण जमले. पोरांनी मोबाईल दाखवला, नकाशा दाखवला, पण मोबाईलवर बाण फिरताना बघून तर लोकांना अजूनच खात्री पटली की हे यंत्र धन शोधायचं आहे. शेवटी डबा सगळ्यांसमोर उघडला. आत वही, पेन्सिल आणि दोन-चार किचेन. काकाजींनी वही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "एवढ्यासाठी नागपूरवरून आले?" ते हसले म्हणून निभावलं. पण ते चिडले होते ते बरोबरच होतं, त्यांच्या गावचा किल्ला आहे, आणि आम्ही कोणाला न विचारता तिथे काहीतरी लपवलं होतं.

त्या दिवसापासून सगळे डबे कोणाच्या तरी राजीखुशीने ठेवलेले आहेत. कुठे चहाच्या टपरीच्या मागे, कुठे एखाद्या घराच्या कुंपणात, कुठे शेताच्या बांधावर. एका गावात तर किराणा दुकानवाल्या मावशीच डबा सांभाळतात. तुम्ही किल्ल्यात मोजलेला आकडा त्यांना सांगायचा, बरोबर असेल तर त्या डबा देतात, चूक असेल तर "जा, परत मोजून ये" म्हणतात. आमचं असं ठाम मत आहे की हा या खेळातला सगळ्यात भारी डबा आहे.

मग खेळ चालतो कसा?

याला मल्टी-कॅश म्हणतात, म्हणजे एका जागेवरून दुसरी जागा उघडते. तुम्हाला किल्ल्यातली तीन-चार ठिकाणं दिलेली असतात आणि प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न. समजा दरवाज्याच्या उजव्या देवडीला, म्हणजे पहारेकऱ्यांच्या ओवरीला, कमानी किती, तो आकडा अ. बुरुजावर जंग्या किती, तो आकडा ब. विहिरीच्या पहिल्या टप्प्याला पायऱ्या किती, तो क. मग शेवटच्या डब्याच्या अक्षांशातले शेवटचे तीन आकडे म्हणजे अबक. जंग्या म्हणजे तटातल्या तिरप्या भोकांची रांग, आतून बंदूक बाहेर काढायला केलेली. युरोपातल्या कॅसलमध्ये बाणासाठी उभ्या चिरा असतात, आपल्याकडे जंगी खालच्या दिशेने उतरती असते म्हणजे तटाच्या पायथ्याशी आलेल्यावर नेम धरता येतो. आत डोळा लावून बघा, नेमका रस्त्याचा वळणाचा भाग दिसतो, तेव्हा कळतं बांधणाऱ्याने काय विचार केला होता.

चंद्रपूरच्या फेरीत दरवाज्यांवरचं गोंड राजचिन्ह आहे, हत्तीला दाबून धरणारा सिंह. जटपुरा, पठाणपुरा, अचलेश्वर आणि बिनबा असे चार दरवाजे, आणि शिवाय खिडक्या म्हणजे लहान दारं. चारही दरवाज्यांवरचं चिन्ह नीट बघा, घाईत "सगळे सारखेच आहेत" म्हणणारे तिथेच चुकतात. यापुढे इथे सांगत नाही. राणी हिराईने नवऱ्यासाठी, बीरशहासाठी बांधलेली समाधी पण याच फेरीत आहे, तिथे शांतपणे जा.

आकडे टाकले पण मोबाईल भलतीकडेच दाखवतो!

शंभरातले नव्वद फोन याच्यासाठी येतात, म्हणून नीट वाचा. जिओकॅशिंगमध्ये आकडे अंश आणि दशांश-मिनिटांत लिहितात, उदाहरणार्थ उ २१° ०९.०००' पू ७९° ०५.०००'. ही जागा नागपुरातल्या झिरो माइल स्तंभाच्या जवळपास येते. पण एका अंशात मिनिटं ६० असतात, १०० नाही. त्यामुळे हेच नकाशात टाकायचं झालं तर २१.१५० आणि ७९.०८३ असं होतं. कोणी सरळ २१.०९ आणि ७९.०५ टाकलं तर नकाशा तुम्हाला नेतो विमानतळाकडे, साडेसात किलोमीटर लांब. आमच्याच एका टीमसोबत हे झालं, बर्डीवरून निघाले आणि वर्धा रोडला लागून विमानतळाजवळ पोचून मला फोन, "दादा, इथे तर सिक्युरिटी उभी आहे."

अजून एक हिशोब लक्षात ठेवा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण १८५२ मीटर, म्हणजे दशांशानंतरचा तिसरा, शेवटचा आकडा एकने चुकला तर जागा फक्त पावणेदोन-दोन मीटर सरकते, पण दशांशानंतरचा पहिला आकडा एकने चुकला तर १८५ मीटर. तेव्हा कोड्यातला अ सगळ्यात काळजीने मोजा, क मध्ये एखादी पायरी इकडेतिकडे झाली तरी डबा डोळ्यासमोरच असेल.

किल्ल्यात नेटवर्क नसतं, मग जीपीएस कसं चालेल?

चालतं. जीपीएस उपग्रहांचं ऐकतं, त्याला सिम किंवा डेटा लागत नाही. नेट नसलं तर सुरुवातीला जागा पकडायला मिनिट-दोन मिनिटं जास्त लागतात एवढंच. नकाशा मात्र घरूनच ऑफलाइन उतरवून घ्या. उघड्या माळावर चांगला मोबाईल ३ ते ५ मीटरपर्यंत बरोबर दाखवतो, पण उंच तटाच्या कडेला आणि दाट झाडीत सिग्नल दगडावर आपटून येतो आणि बाण वेड्यासारखा फिरतो. अशावेळी बाणाच्या मागे धावू नका. मोकळ्या जागेत दोन मिनिटं उभे राहा, आकडे स्थिर होऊ द्या, मग डोळे वापरा. मोबाईलच्या कव्हरला चुंबक असेल तर काढून ठेवा, होकायंत्र बिघडतं, आणि लोखंडी तोफेला चिकटून दिशा बघू नका, त्यानेही सुई हलते.

सॅटेलाईट फोन किंवा सॅटेलाईट मेसेंजर कोणी परदेशातून आणलेलं असेल तर घरीच ठेवा, भारतात ते परवान्याशिवाय वापरता येत नाही.

कधी जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर आम्ही शोध बंद करतो, आणि नवतपात, म्हणजे मे-अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, किल्ल्यावर जाऊन दाखवायची हौस कोणाला असेल तर त्याला मी स्वतः फोन करून थांबवीन. काळा दगड तापला की भट्टी होते, सावली नसते. पावसाळ्यात सगळं हिरवंगार आणि सुंदर दिसतं पण पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि गवतात काय आहे दिसत नाही.

साप, विंचू, मधमाश्या?

तिन्ही आहेत. पण सगळ्यात जास्त काळजी मधमाश्यांची घ्या. बुरुजाच्या पोटात आणि कमानीखाली आग्या मोहळ असतं, लांबून काळी झालर लटकल्यासारखं दिसतं. दिसलं की आवाज कमी, परफ्यूम नको, धूर नको, दगड मारणं तर नकोच नको, आणि तो प्रश्न सोडून मला मेसेज करा, आम्ही त्याऐवजी दुसरा प्रश्न देऊ. अशा ठिकाणी हट्टाने पुढे जाणाऱ्या टीमला आम्ही खेळातून बाद करतो. विंचवासाठी साधा नियम, जिथे दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. आमच्या एकाही डब्यासाठी बिळात किंवा भिंतीच्या फटीत हात घालावा लागत नाही.

गाविलगड आणि नरनाळ्याचं काय? दोन्ही जंगलात आहेत ना?

हो, दोन्हीकडे वनखात्याचे नियम आणि गेटच्या वेळा पाळाव्या लागतात, म्हणून ही फेरी एकट्यादुकट्याने करायची नाही, आम्ही सगळे मिळून दोन दिवसांची काढतो. नागपूरवरून चिखलदरा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. तिथे एकही डबा नाही, नुसते प्रश्न आहेत, उत्तरं आम्हाला सांगायची. जंगलात डबा ठेवला तर अस्वल किंवा माकड तो फोडणार आणि प्लास्टिक कोणाच्या तरी पोटात जाणार. गाविलगडला गेलात की इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने १५ डिसेंबर १८०३ ला किल्ला घेतला ती बाजू आम्ही चालत दाखवतो. त्यानंतर दोनच दिवसांनी नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. नागपूरच्या माणसाने त्या तटावर उभं राहिलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

लहान मुलं चालतील का?

महाल आणि नगरधन, आरामात. सातआठ वर्षांची मुलं तर मोठ्यांपेक्षा चांगली मोजतात. प्रत्येक डब्याला दोन आकडे दिलेले असतात, पहिला कोडं किती अवघड आणि दुसरा वाट किती अवघड, दोन्ही १ ते ५ मध्ये. मुलं सोबत असतील तर दुसरा आकडा २ च्या वर नको. तटावर चढणं सगळ्यांनाच मना आहे, लहान असो की मोठे.

डब्यात काय ठेवता येतं, काय घेता येतं?

काही घेतलं तर तेवढ्याच तोलाचं काहीतरी ठेवायचं. बिल्ले, गोट्या, किचेन, जुनी नाणी चालतील, पण किल्ल्यात सापडलेलं खापराचं तुकडं, वीट, काहीही डब्यात ठेवायचं नाही आणि घरी पण न्यायचं नाही. ते जिथे पडलंय तिथेच त्याला अर्थ आहे. खायचं काहीही ठेवू नका, चॉकलेट सुद्धा नाही. मुंग्या येतात, आणि रामटेकच्या वानरांना तर वास लागला की झाकण उघडायला दहा सेकंद पुरतात, आमचा एक डबा त्यांनी गडमंदिराच्या पायऱ्यांवरून खाली सोडला होता.

आणि खरंच सोनंनाणं सापडलं तर?

हसू नका, हा प्रश्न दरवर्षी येतो. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे, जमिनीत लपलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. तेव्हा हात लावायचा नाही, जागेचा फोटो घ्यायचा, गावच्या पोलीस पाटलांना आणि आम्हाला सांगायचं. मुळात आपण खणत नाही. फावडं, खुरपी, मेटल डिटेक्टर यातलं काहीही सोबत दिसलं तर ती टीम तिथूनच परत.

आम्हाला स्वतःचा डबा लपवायचा आहे.

स्वागत आहे. हवाबंद, रबरी कडेचा, चार क्लिपांचा डबा घ्या. वही झिपच्या पिशवीत, सोबत पेन्सिल, पेन नाही, कारण ओलाव्यात शाई फुटते. बुटाच्या खोक्यात येते ती सिलिकाची पुडी टाका. डब्यावर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात लिहा की हा खेळाचा डबा आहे आणि तुमचा नंबर द्या, नाहीतर बेवारस वस्तू म्हणून पोलीस येतील आणि त्यांचं काही चुकणार नाही. जागामालकाची परवानगी आधी. पुरायचं नाही, झाडाला खिळा मारायचा नाही. जगभरच्या मुख्य साइटवर टाकायचा असेल तर दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर लागतं आणि तिथला एक स्वयंसेवक तपासून मगच मंजूर करतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दर दोन महिन्यांनी जाऊन डबा बघायची तयारी असेल तरच ठेवा.

एवढं करून डबा सापडलाच नाही तर?

तसं कळवा, लाज वाटायचं काही कारण नाही. "सापडला नाही" ही नोंद आमच्या खूप कामाची असते, तीन टीमना सापडला नाही की आम्ही स्वतः जाऊन बघतो. पण फोन करण्याआधी परत एकदा मोजा. आणि सापडला तर वहीत नाव-तारीख लिहा, किल्ल्यात काय बघितलं त्याची एखादी ओळ लिहा, पेन्सिल आत ठेवा, चारही क्लिपा टक् आवाज येईपर्यंत दाबा, आणि ज्या दगडाखाली होता त्याच दगडाखाली, झाकण वर करून ठेवा.